लावलेल्या पाणवनस्पती दर वेळी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात का वितळतात? ॲक्वास्केपमधील एका चिवट समस्येचे निवारण

ॲक्वास्केप, म्हणजे पाण्याखालच्या बागेसारखी रचलेली काचेची टाकी, मांडून झाली, दगड आणि लाकूड मनासारखे बसले, रोपे चिमट्याने एकेक करून रोवली, पाणी भरले आणि पहिले आठ-दहा दिवस सगळे हिरवेगार दिसले. मग एका सकाळी पुढच्या ओळीतील क्रिप्टोकोरीन या पाणवनस्पतीची पाने काचेसारखी अर्धपारदर्शक झालेली दिसतात, बोट लावले तर बुळबुळीत लागतात आणि दोन दिवसांत देठापासून सुटून फिल्टरच्या तोंडाशी जाऊन चिकटतात. आपण घाबरून कुजलेले सगळे उपटून टाकतो, नवी रोपे आणून त्याच जागी लावतो आणि तेवढ्याच दिवसांनी पुन्हा तेच घडते. तिसऱ्या फेरीनंतर पाणीच वाईट आहे किंवा मातीच खराब निघाली, असा निष्कर्ष काढला जातो आणि टाकी रिकामी होऊन माळ्यावर जाते.

या छंदातील मंडळी ज्याला 'मेल्ट होणे' म्हणतात ते हेच. माझ्या अनुभवात अशा दहा तक्रारींपैकी बहुतेकींमध्ये रोप मेलेले नसते, ते पाने बदलत असते, आणि समस्या पुन्हा पुन्हा उद्भवण्याचे मुख्य कारण आपला उपाय हेच असते. रोप उपटले की त्याचा रुळण्याचा काळ पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होतो. उरलेल्या थोड्या तक्रारींमध्ये मात्र खरोखरच काहीतरी चुकलेले असते आणि तेथे नुसती वाट पाहणे घातक ठरते. म्हणून आधी हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पान हवेतले, जागा पाण्यातली

ॲक्वास्केपसाठी मिळणाऱ्या वनस्पतींपैकी बऱ्याचशा उभयचर आहेत. निसर्गात त्या ओढ्याकाठी, दलदलीत वाढतात, वर्षातील काही महिने पाण्याखाली आणि काही महिने पाण्याबाहेर असतात. रोपवाटिकांमध्ये त्या बहुधा पाण्याबाहेरच, मुळे ओली आणि पाने दमट हवेत अशा स्थितीत वाढवल्या जातात, कारण तशी वाढ वेगाने होते आणि पानांवर शेवाळ धरत नाही. जाळीदार कुंडीत आपल्या हाती येते ते रोप त्यामुळे हवेत वाढलेले असते, त्याची पाने हवेसाठी घडलेली असतात.

हवेतल्या पानावर मेणचट आवरण असते, ते पाणी उडून जाऊ देत नाही. वायूंची देवाणघेवाण पर्णरंध्रांतून होते. हेच पान पाण्यात बुडवले की ते आवरण अडसर बनते आणि रंध्रे निरुपयोगी होतात. त्यातच कार्बन डायऑक्साइड पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो. पानाची उपासमार होते. पाण्याखालचे पान वेगळ्या घडणीचे असते: पातळ, जवळजवळ आवरणहीन, थेट पृष्ठभागातून वायू आणि क्षार शोषून घेणारे. रोप आपले जुने पान दुरुस्त करू शकत नाही, म्हणून ते त्यातील उपयोगी द्रव्ये काढून घेते, त्याला सोडून देते आणि त्या साठ्यावर नवे पान बांधते.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर रोटाला रोटुंडिफोलियाची एक काडी लावावी. तिच्या नावाचा अर्थच 'गोल पानांची' असा आहे आणि हवेत वाढलेल्या काडीवर खरोखरच छोटी गोल पाने असतात. पाण्याखाली दोन-तीन आठवडे गेले की त्याच काडीच्या शेंड्याला लांबट, निमुळती पाने येऊ लागतात, एका ठरावीक पेरापाशी रेघ मारल्यासारखा बदल दिसतो, आणि त्या रेघेखालची गोल पाने पिवळी पडून गळतात. वॉटर विस्टेरियात हा बदल आणखी ठळक असतो. हवेतले पान साधे, कातरी कडांचे. पाण्यातले पान नेच्यासारखे खोल चिरलेले. एकाच काडीवर दोन्ही पाने पाहिली की पहिल्या महिन्यातील पानगळीची भीती बरीचशी जाते.

क्रिप्टोकोरीनच्या बाबतीत हे सगळे अधिक नाट्यमय होते, कारण ही वनस्पती केवळ हवेतून पाण्यात येण्यानेच नव्हे, तर प्रकाश, तापमान, पाण्याचा कठीणपणा किंवा जागा यांपैकी काहीही एकाएकी बदलले तरी सगळी पाने टाकून देऊ शकते. चार दिवसांत पूर्ण झुडूप नाहीसे होते आणि मातीवर चार-दोन देठ उरतात. जमिनीखाली मात्र मुळे आणि त्यांच्या माथ्यावरचा गाभा जिवंत असतो. रोप हलवले नाही तर साधारण दोन ते चार आठवड्यांत तेथूनच नवी पाने निघतात.

उपटण्यापूर्वीची तपासणी

सुटलेली पाने बाजूला करून रोपाच्या बुंध्याशी, जेथे देठ एकत्र येतात आणि मुळे सुरू होतात, तेथे दोन बोटांनी हलकेच दाबून पाहावे. गाभा टणक लागला तर रोप जिवंत आहे. नंतर रोप किंचित वर ओढावे, उपटू नये, नुसता ताण द्यावा. मातीने धरून ठेवल्याचा प्रतिकार जाणवला तर मुळे पसरू लागली आहेत. भिंगातून किंवा मोबाइलचा कॅमेरा काचेला लावून गाभ्याच्या मध्यभागी पाहिले तर पुष्कळदा सुईच्या टोकाएवढा, घट्ट गुंडाळलेला, तपकिरी किंवा हिरवट कोंब दिसतो. तो दिसला की त्या रोपाला पुढचा महिनाभर हात लावू नये.

गाभाच मऊ पडलेला असेल, बोटाखाली पिठूळ होत असेल आणि बोटाला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर ते रोप गेले. ते मुळांसकट काढावे, कारण मातीत कुजणारा भाग पाण्यात अमोनिया सोडत राहतो. वास मातीचाच असेल तर त्या जागी माती घट्ट बसून प्राणवायू खेळेनासा झाला असण्याची शक्यता आहे. लाकडी काडीने तेथील माती हळूहळू मोकळी करावी आणि त्याच वेळी सायफन लावून निघणारी घाण ओढून घ्यावी.

ही तपासणी मी फार उशिरा शिकलो. पहिल्या टाकीत मी क्रिप्टोकोरीन वेंटिई तीन वेळा लावली आणि तिन्ही वेळा पाने गळताच उपटली. तिसऱ्या वेळी उपटलेले बुंधे टाकून देण्याचे राहून गेले. पाणी बदलण्याच्या बादलीच्या तळाशी बोटभर जुनी माती होती, वर वीतभर पाणी होते, त्यात ते बुंधे पडून राहिले आणि बादली खिडकीपाशी तशीच राहिली. महिन्याभराने बादली धुवायला घेतली तेव्हा त्यातील पाच बुंध्यांपैकी चारांना बोटाच्या पेराएवढी तपकिरी-हिरवी पाने आली होती आणि पांढरीशुभ्र मुळे मातीच्या थरात गुंतली होती. त्या बादलीत कार्बन डायऑक्साइड नव्हता, खत नव्हते, खास दिवाही नव्हता. महिनाभर कोणी हात लावला नव्हता, इतकेच. तीच चार रोपे मी परत टाकीत लावली, त्यांनी पुन्हा पाने टाकली, आणि या वेळी मी थांबलो.

लावतानाच होणाऱ्या चुका

वाट पाहून न सुधारणाऱ्या प्रकरणांत पहिला क्रमांक आडव्या खोडाच्या वनस्पतींचा लागतो. अनुबियास, बुसेफॅलँड्रा आणि जावा फर्न यांचे जाड आडवे खोड, ज्याला राइझोम म्हणतात, मातीत पुरले की ते सडते आणि सड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. मुळे मातीत गेली तरी चालतात, खोड मात्र उघडे राहिले पाहिजे. या वनस्पती दगडावर किंवा लाकडावर दोऱ्याने बांधाव्यात किंवा सायनोॲक्रिलेट (सुपरग्लू) गोंदाच्या दोन थेंबांनी चिकटवाव्यात. सड सुरू झालेली असल्यास धारदार, स्वच्छ पात्याने आतून टणक आणि स्वच्छ रंगाचा भाग लागेपर्यंत खोड कापत जावे, मऊ भाग टाकून द्यावा आणि उरलेला तुकडा उघडा ठेवून बांधावा. दोन पानांचा तुकडाही जगतो.

कुंडीतील रोपाच्या मुळांभोवतीचे रॉकवूल (दगडी तंतूंचा कापसासारखा गोळा) काढणे हे कंटाळवाणे काम आहे आणि म्हणून ते अर्धवट सोडले जाते. वाहत्या पाण्याखाली धरून, चिमट्याने एकेक धागा सोडवून ते शक्य तितके काढावे, लांब मुळे कात्रीने दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत छाटावीत आणि मोठा जुडगा तसाच न लावता त्याचे लहान भाग करावेत. माँटे कार्लो किंवा इलिओकॅरिससारख्या कार्पेटच्या, म्हणजे मातीवर गालिच्यासारख्या पसरणाऱ्या वनस्पती जाड गठ्ठ्यात लावल्या तर वरचे थर हिरवे राहतात, खालचे प्रकाशाअभावी पिवळे पडतात आणि महिनाभराने सगळा गालिचा मातीपासून सुटून तरंगू लागतो. नखाएवढे तुकडे दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर, चिमटा तिरका धरून, फक्त शेंडा वर राहील इतके खोल रोवले तर ते तरंगतही नाहीत आणि सडतही नाहीत.

टिश्यू कल्चरच्या डब्यातील रोपे पोषक जेलमध्ये, जंतुविरहित वातावरणात वाढलेली असतात. जेलमध्ये साखर असते, त्यामुळे ती कोमट पाण्यात पूर्ण धुऊन काढावी लागते. मुळांशी राहिलेली जेल जिवाणूंना आयती मेजवानी ठरते. ही रोपे गोगलगायी आणि शेवाळ यांपासून मुक्त असतात हा त्यांचा मोठा गुण, परंतु त्यांची पाने अतिशय कोवळी असल्याने पहिली पानगळ कुंडीतील रोपांपेक्षा अधिक होऊ शकते.

व्हॅलिसनेरिया, एजेरिया आणि हॉर्नवर्ट या पूर्णवेळ पाण्यात राहणाऱ्या वनस्पती आहेत आणि त्यांना हवेतल्या पानांचे स्पष्टीकरण लागू पडत नाही. त्या एकाएकी विरघळल्यासारख्या झाल्या तर प्रवासातील हाल, पाण्याच्या गुणधर्मांतील मोठी तफावत आणि 'द्रवरूप कार्बन' या नावाने मिळणारे औषध, या तीन गोष्टी तपासाव्यात. या औषधांत बहुधा ग्लुटारल्डिहाइड किंवा त्याच कुळातील रसायन असते. ते शेवाळाला मारते, आणि व्हॅलिसनेरिया व एजेरिया त्याला फारच संवेदनशील आहेत. पहिल्या महिन्यात ते न वापरणेच मला योग्य वाटते.

महिना उलटूनही पाने टिकत नसतील तर

येथे प्रश्न बदलतो. जुनी पाने गळणे समजण्यासारखे आहे. पाण्यातच जन्मलेली नवी पाने वितळू लागली तर टाकीच्या परिस्थितीत दोष आहे. म्हणून कोणती पाने जात आहेत याची नोंद ठेवणे फार उपयोगाचे पडते. मी लावणीच्या दिवशी टाकीचा समोरून एक फोटो काढतो आणि त्यानंतर दर आठवड्याला त्याच जागेवरून, त्याच उजेडात दुसरा. आठवणीवर विसंबले तर 'सगळेच मरते आहे' असे वाटते, आणि फोटो शेजारी ठेवले की गाभ्याशी आलेली तीन नवी पाने दिसतात.

सर्वांत आधी प्रकाशाकडे पाहावे, कारण नवी टाकी मांडणारा माणूस हटकून प्रकाश जास्त ठेवतो. प्रकाश म्हणजे रोपावर टाकलेली मागणी आहे. दिवा जितका तीव्र, तितका कार्बन डायऑक्साइड आणि तितके क्षार रोपाला हवे असतात, आणि मुळे न धरलेले, पाने गमावलेले रोप ती मागणी पुरी करू शकत नाही. शिल्लक राहिलेला प्रकाश शेवाळाच्या कामी येतो. पहिले तीन-चार आठवडे दिवा रोज ६ तासच ठेवावा, टायमर लावून ठेवावा, आणि दिव्याला तीव्रता कमी करण्याची सोय असेल तर ती निम्म्याच्या आसपास ठेवावी. नवी पाने जोमाने येऊ लागल्यावर दर आठवड्याला अर्धा तास वाढवत ८ तासांपर्यंत जावे. खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर ते या हिशेबाबाहेरचे असते आणि सगळा हिशेब बिघडवते.

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत कमतरतेपेक्षा चढउतार अधिक त्रास देतो. ज्या टाकीत वायू मुळीच सोडलेला नाही तेथे सोप्या वनस्पती मंद प्रकाशात संथपणे वाढतात आणि टिकतात. पण एक दिवस भरपूर, दुसऱ्या दिवशी बाटली संपलेली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा भरपूर, अशा टाकीत क्रिप्टोकोरीनपासून रोटालापर्यंत सगळ्यांची पाने खराब होतात आणि काळे ब्रशासारखे शेवाळ धरते. साखर-यीस्टपासून वायू बनवणाऱ्या घरगुती जोडणीत हा चढउतार अपरिहार्य असतो. सिलिंडर असेल तर दिवा लागण्यापूर्वी एक ते दोन तास वायू सुरू व्हावा आणि दिवा बंद होण्यापूर्वी सुमारे एक तास थांबावा, म्हणजे प्रकाश सुरू होतो तेव्हा पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास वायू आधीच विरघळलेला असतो. ड्रॉप चेकरमध्ये (टाकीत लावायची, वायूची पातळी रंगाने दाखवणारी छोटी कुपी) ४ केएचचे (कार्बोनेट कठीणपणाचे ४ अंश) द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा रंगदर्शक असेल तर त्याचा हिरवा रंग साधारण हीच पातळी दाखवतो; निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे जास्त. हा रंग पाण्यापेक्षा एक-दोन तास मागे चालतो. सकाळी दिवा लागताना तो निळा दिसला म्हणून घाईने बुडबुडे वाढवले तर दुपारी मासे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकताना दिसतात. बदल एका दिवसात थोडासाच करावा, आणि मासे किंवा कोळंबी टाकीत असतील तर त्या दिवशी घरी थांबूनच करावा.

पाण्याचा प्रवाह हा बहुतेकांच्या लक्षात न येणारा भाग आहे. फिल्टरच्या तोंडाजवळची रोपे उत्तम आणि मोठ्या दगडामागची रोपे वितळलेली, असे चित्र असेल तर टाकीतील वायू आणि खत त्या कोपऱ्यापर्यंत पोचतच नाही. दगडामागची पाने थोडी तरी हलताना दिसली पाहिजेत. ती स्थिर असतील तर पाण्याच्या नळीची दिशा बदलावी.

खताची कमतरता पानाच्या वयावरून ओळखता येते. नायट्रोजन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रोपाच्या आत फिरू शकतात, त्यामुळे ते कमी पडले की रोप जुन्या पानांतून काढून नव्यांना देते आणि जुनी पाने बिघडतात. पोटॅशियम कमी असेल तर जुन्या पानांवर टाचणीच्या टोकासारखी भोके पडून ती कडेने पिवळी होत वाढतात. लोह आणि कॅल्शियम असे फिरू शकत नाहीत, म्हणून त्यांची उणीव नव्या पानांवर दिसते, शेंडे फिकट किंवा वाकडे येतात. नुकतीच भरलेली ॲक्वासॉइल (पाणवनस्पतींसाठी मिळणारी दाणेदार माती) स्वतःच खतयुक्त असते, तिच्यावर पहिल्या महिन्यात नायट्रोजनयुक्त खत ओतण्याची गरज सहसा पडत नाही. नुसत्या वाळूत किंवा खडीत लावलेल्या क्रिप्टोकोरीनला मात्र मुळांशी खताची गोळी द्यावी लागते.

तापमान दीर्घकाळ ३० अंशांच्या वर राहिले तर रोपाचा श्वसनाचा खर्च वाढतो आणि पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. बहुतेक वनस्पती २२ ते २६ अंशांत सुखी असतात. टाकीचे झाकण काढून पृष्ठभागावर पंखा फिरवला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, तेवढे पुष्कळदा पुरते.

अमोनिया, पाणी बदलणे आणि तपकिरी थर

ताजी ॲक्वासॉइल पहिल्या काही आठवड्यांत अमोनिया सोडते. गळणारी पाने त्यात भर घालतात. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये पुरेसे स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात पाणी बदलणे हा एकमेव भरवशाचा उपाय आहे. मी पहिल्या आठवड्यात रोज निम्मे, दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड निम्मे, तिसऱ्यात आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा ३० ते ५० टक्के पाणी बदलतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढणारे द्रावण घालूनच पाणी भरावे, आणि नव्या पाण्याचे तापमान टाकीशी जुळते ठेवावे. एकदम थंड पाण्याने क्रिप्टोकोरीन पुन्हा पाने टाकू शकते. अर्धपारदर्शक झालेली पाने दर खेपेला बारीक कात्रीने देठाच्या तळाशी कापून काढावीत, ओढून काढू नयेत, कारण ओढताना गाभा हलतो. किंचित पिवळे पण टणक असलेले पान राहू द्यावे, रोप अजून त्यातून काहीतरी काढून घेत असते.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चाचणीत सलग काही दिवस शून्य येईपर्यंत मासे सोडू नयेत.

याच सुमारास दगडांवर आणि पानांवर तपकिरी, पुसला जाणारा थर बसतो. हे डायॅटम (सूक्ष्म एकपेशीय शेवाळ) असतात आणि नव्या टाकीत ते जवळजवळ ठरलेले असतात. पुष्कळ जण वितळणारी पाने आणि हा थर एकत्र पाहून टाकी मोडतात. मऊ ब्रशाने हा थर सैल करून पाणी बदलताना ओढून घ्यावा. टाकी मुरत जाईल तसा तो आपोआप ओसरतो. लाकडावरचा पांढरा, जिवाणू आणि बुरशीचा बुळबुळीत थरही असाच निरुपद्रवी असतो, आणि पुढे कोळंबी आली की ती तो आवडीने खाते.

नवी पाने आल्यानंतर

उभ्या काड्यांच्या वनस्पतींमध्ये नव्या पानांचा भाग आठ-दहा सेंटिमीटर लांब झाला की तो कापून घ्यावा आणि तोच पुन्हा रोवावा. खालची, हवेतल्या पानांची उघडी पडलेली काडी काढून टाकली तरी चालते. मातीत राहू दिली तर तिच्या पेरांतून नवे फुटवे येतात, मात्र ते काहीसे अशक्त असतात. हे पाण्यातच जन्मलेले शेंडे नव्या जागी पाने टाकत नाहीत, म्हणून पुढची टाकी मांडताना तेच वापरावेत. क्रिप्टोकोरीन मात्र रुळल्यानंतर जागची हलवू नये. रचना बदलायचीच असेल तर मूळ रोप तसेच ठेवून त्याच्या कडेने मातीतून वर आलेली, चार पाने धरलेली पिले कात्रीने वेगळी करून ती दुसरीकडे लावावीत, आणि त्यांच्या पानगळीसाठी पुन्हा तीन-चार आठवड्यांची मुभा ठेवावी.